धोकटीतला वस्तरा

न्हाव्याची धोकटी म्हणजे चालतं-फिरतं दुकान. चामड्याची, दोन-तीन कप्प्यांची, गुंडाळून काखेत मारता येईल अशी पिशवी. आमच्या आजोबांच्या धोकटीत दोन वस्तरे, एक कात्री, नखं काढायची नराणी, चिमटा, कान कोरायची कोरणी, पितळेची वाटी, तुरटीचा खडा, फणी, तळहाताएवढा आरसा, दगडाची पथरी आणि चामड्याचा पट्टा एवढं सामान होतं. एवढ्यावर त्यांनी तीन गावं आणि दोन पाडे सांभाळले.

आमचं गाव कल्याण-मुरबाड रस्त्याला, गोवेलीच्या पुढे आत. पैशाचा व्यवहार नव्हताच. सुगी झाली की खळ्यावर जायचं आणि घरटी ठरलेलं भात पायलीने मोजून घ्यायचं. देशावर ज्वारी-बाजरीचं बलुतं मिळे, आमच्याकडे भाताचं, एवढाच फरक. वर्षभराच्या हजामती, पोरांची जावळं, नवरदेवाची दाढी, लग्नाची आमंत्रणं पोचवणं आणि घरात कुणी गेलं की दहाव्याला नदीवरचं क्षौर, हे सगळं त्या भातात आलं. पीक बुडालं की भात कमी मिळे. केस मात्र तेवढेच वाढत.

त्या धोकटीतलं आज फक्त एक उरलंय. एक वस्तरा. वडील गेल्यानंतर डोंबिवलीच्या घराचा पोटमाळा उपसताना पत्र्याच्या डब्यात तेलकट फडक्यात गुंडाळलेला सापडला. थोरले बंधू म्हणाले, "टाकून दे. हे कशाला जपायचं?" त्यांचं म्हणणं मला कळत होतं. त्यांच्या शाळेच्या दिवसांत वर्गातली पोरं 'हजाम' हा शब्द शिवीसारखा वापरत. त्यांनी शिकून ऑफिसात नोकरी धरली आणि घराण्याचा धंदा कुणाला सांगितला नाही. त्यांच्या लेखी तो वस्तरा म्हणजे नुसतं गंजलेलं लोखंड नव्हतं, वर्गातला तो शब्द होता. म्हणूनच मी तो ठेवून घेतला. ज्या गोष्टीची लाज वाटायला लावली गेली, ती एकदा नीट उजेडात धरून बघावी म्हटलं.

गावाला धाकटे चुलते होते, काका. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू, पण बोटं शाबूत. वस्तरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी धार बघितलीच नाही, पातं कानाजवळ नेलं आणि नखाने टिचकी मारली. बारीक, लांबलेला आवाज आला. म्हणाले, "जिता हाय अजून. तडा नाय गेलेला." मग बजावलं, "रस्त्यावरच्या धारवाल्याकडे देशील तर माझ्याकडे परत येऊ नको."

हे बजावणं उगीच नव्हतं. सायकलच्या चाकावर दगड फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा कारागीर आपल्या जागी हुशारच, पण वस्तरा त्याचं काम नाही. वस्तऱ्याचं पातं पाणी देऊन कडक केलेलं असतं. सुक्या फिरत्या दगडावर धरलं तर पातळ धार क्षणात तापते. तीनशे अंशांच्या आसपास गेली की निळी पडते आणि पोलादाचं पाणी उतरतं. मग ती धार दिसायला चकाकते, पण दोन दाढ्यांत मरते. वस्तरा हाताने, ओल्या दगडावर, सावकाशच लावायचा.

आधी गंज काढायचा होता. कोकणपट्टीतला पावसाळा लोखंडाला खातो. जून ते सप्टेंबर आजोबा रोज रात्री पात्याला खोबरेल तेलाचं बोट फिरवत. पंचवीस-तीस वर्षं ते बोट फिरलं नव्हतं. रात्रभर घासलेटमध्ये ठेवला, मग तेल लावून सर्वांत बारीक पॉलिश पेपरने एकाच दिशेने, पाठीकडून धारेकडे घासत गेलो. वरवरचा लाल गंज निघाला. खोल काळे ठिपके राहिले. काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे. धारेवर नाय ना? मग माणसाच्या तोंडावरच्या देवीच्या वणांसारखे समज." मूठ म्हशीच्या शिंगाची. तिला किडीने एका जागी खाल्लं होतं, पण पितळी खिळा घट्ट होता. तिला तेल पाजलं आणि तशीच ठेवली.

गंज निघाल्यावर पात्याच्या देठावर रोमन अक्षरं उमटली. कारखान्याचं नाव पुसलेलं, पण खालच्या ओळीत 'शेफिल्ड' आणि 'इंग्लंड' हे दोन शब्द स्पष्ट वाचता आले.

शेफिल्ड हे इंग्लंडच्या उत्तरेचं गाव. अठराव्या शतकात तिथे बेंजामिन हंट्समन नावाच्या कारागिराने मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली आणि सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी ते गाव जगभर प्रसिद्ध झालं. पुढे जर्मनीतल्या झोलिंगेनने स्पर्धा मांडली, पात्याच्या दोन्ही बाजू खोलगट घासून इतकं पातळ पातं काढलं की दाढी करताना ते गुणगुणे. इंग्रज कारखानदार चिडले आणि १८८७ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला की बाहेरच्या मालावर कुठला तो छाप हवा. तीन वर्षांनी अमेरिकेनेही तसाच नियम केला, तेव्हापासून इंग्रज कारखानेही देशाचं नाव ठोकू लागले. म्हणून 'इंग्लंड' हा शब्द असलेला वस्तरा बहुतेक १८९० च्या नंतरचा. आमचा वस्तरा पणजोबांनी घेतला होता, असं घरात सांगत. हिशेब जुळतो.

त्याआधी आपल्याकडे लोहारच वस्तरे घडवत. जाड, आखूड पात्याचे. विलायती माल आला तो आगबोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत आली. मुंबईच्या बाजारातली वस्तू त्याच दिवशी कल्याणच्या बाजारात यायची सोय झाली. पणजोबांसारख्या माणसाला तो परवडला कसा, हे कोडंच आहे. आजोबा म्हणत, दोन वर्षांचं भात विकलं. १९३०-३१ च्या बहिष्कारात विलायती कापडाच्या होळ्या झाल्या, पण विलायती वस्तऱ्याची होळी झाल्याचं त्यांनी कधी सांगितलं नाही. खादीची टोपी घातलेले पुढारीही शेफिल्डखालीच गाल धरत.

१८९० हे साल आणखी एका कारणासाठी न्हाव्याच्या घरात माहीत असायला हवं.

त्या काळी ब्राह्मण घरात नवरा मेला की बाईचे केस काढत, आणि एकदा काढून थांबत नसत. ठरलेल्या दिवसांनी वस्तरा पुन्हा डोक्याला लागे, मरेपर्यंत. बाई कधी पन्नाशीची असे, कधी दहा वर्षांची. ज्या कल्याणात आनंदीबाई जोशी १८६५ मध्ये जन्मल्या आणि पुढे अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाल्या, त्याच कल्याणात वाड्यांच्या मागच्या दारी ही रीत चालू होती. त्या दारी जाणारा माणूस न्हावी होता.

पणजोबा कल्याणच्या एका वाड्यात जात. आजोबांनी हे एकदाच सांगितलं, मी कॉलेजात असताना. उजाडायच्या आत बोलावणं येई, पुढच्या दाराने नाही, परसातून. एकदा पुढ्यात बसवली ती आमच्या आत्याआजीच्या वयाची पोर होती. रडत नव्हती, नुसती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. घरी आल्यावर पणजोबा जेवले नाहीत, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. मी तरुण होतो, मला राग आला. म्हटलं, "नाही का म्हणाले ते?" आजोबा म्हणाले, "एकट्या माणसाने नाही म्हणून काय होतंय? दुसरा बोलावतील. नाही म्हणायला पाठीमागे सभा लागते."

अशी सभा भरली होती, आणि ती भरवणारा माणूस ठाण्यात जन्मलेला होता. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८. जातीने न्हावी नव्हेत, फुलमाळी. रेल्वेत आणि पोस्टात नोकरी केली, मग गिरणीत आले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे बिनीचे कार्यकर्ते. १८८० पासून 'दीनबंधू' पत्र त्यांनी मुंबईतून चालवलं आणि गिरणी कामगारांची संघटना उभारली. १८९० मध्ये त्यांनी मुंबईतल्या न्हाव्यांना एकत्र आणलं आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा निर्धार त्या न्हाव्यांनी केला.

या संपाकडे आपण नेहमी सुधारणेच्या बाजूने बघतो. धोकटीच्या बाजूने बघितलं तर आणखी काही दिसतं. विधवेचं क्षौर हे न चुकणारं, ठरलेलं काम. ते सोडणं म्हणजे पोटाला चिमटा. शिवाय ज्यांच्या घरी नाही म्हणायचं ते गावातले वजनदार लोक. ज्यांना शास्त्र वाचायचा अधिकार नव्हता, ज्यांचं मत कुणी विचारत नव्हतं, त्यांनी सांगितलं की हे हत्यार आमचं आहे आणि ते कुठे चालवायचं नाही हे आम्ही ठरवू. रीत लगेच बंद पडली नाही. ती विसाव्या शतकातही कितीतरी वर्षं रेंगाळली. पणजोबांचं जाणंही त्या वर्षी थांबलं नाही; मुंबईची बातमी कल्याणच्या परसापर्यंत यायला वेळ लागला. पण कधीतरी ते थांबलं, आणि आजोबांच्या हाताला ते काम आलं नाही.

त्याच १८९० मध्ये लोखंड्यांच्या खटपटीने गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. या सुट्टीने न्हाव्याचा आठवडा फिरवला, हे कुणी सांगत नाही. कामगाराला रविवार मिळाला, म्हणून दाढी-हजामतीची गर्दी रविवारी लोटली, आणि न्हाव्याने स्वतःला सोमवार घेतला. आजही ठाणे-कल्याणकडे सलून सोमवारी बंद दिसलं की मला लोखंडे आठवतात. ते १८९७ च्या प्लेगात गेले.

आता दगडाकडे येतो. वस्तऱ्याची धार लावायला कोन मोजावा लागत नाही. तो पात्यातच घडवलेला असतो. पातं दगडावर आडवं टेकवायचं, पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकल्या पाहिजेत. जाड पाठ हीच टेकण. त्यातून सोळा-सतरा अंशांचा कोन आपोआप साधतो. दगडावर चालवताना धार पुढे, जणू दगडाचा पापुद्रा काढायचाय. टोकाला गेलं की पाठीवरून उलटवायचं, धारेवरून कधीच नाही. हात जड ठेवायचा नाही; पात्याचं स्वतःचं वजन पुरतं.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून मी तीन दगड आणले: हजार नंबर, तीन हजार आणि आठ हजार. पहिल्यावर धारेतले खाचखळगे निघतात, दुसऱ्यावर पहिल्याचे ओरखडे, तिसऱ्यावर दुसऱ्याचे. काका बाजेवर बसून ऐकत. त्यांना दिसत नव्हतं, पण आवाजावरून सांगत, "टाच उचलतेय." "आता पाणी टाक." "आता बरोबर, आता रेशीम फाटल्यावानी वाजतंय." आजोबांकडे असे नंबराचे दगड नव्हते. त्यांच्याकडे एकच पथरी, वापरून मधे खोलगट झालेली. अदमास मात्र हाच.

पातं उजेडात धरलं तेव्हा पाठीवर दोन्ही अंगांना घासलेली चकचकीत पट्टी दिसली. वस्तरा दगडावर जितक्या वेळा जातो तितकी ती रुंद होते. आमच्या वस्तऱ्याची पट्टी टाचेकडे, म्हणजे मुठीच्या बाजूला रुंद आणि टोकाकडे अरुंद. याचा अर्थ चालवणाऱ्याच्या हाताचा भार कायम टाचेवर पडे. काकांना सांगितलं तर हसले. "दादांचाच हात तो. आबांचा सरळ जायचा." दादा म्हणजे आजोबा, आबा म्हणजे पणजोबा. त्यांचा एक फोटो नाही, सही नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. पण कारागिराच्या हाताचा कल पोलादावर दीड मिलिमीटर उमटून राहिलाय.

शेवटी पट्टा. आधी सुती पट्ट्यावर, मग चामड्यावर. इथे दिशा उलटी, पाठ पुढे आणि धार मागे. नाहीतर चामडं कापलं जातं. पट्टा ताणून धरायचा, लोंबू द्यायचा नाही. चाळीस-पन्नास वेळा असं गेलं की दगडाने उभे केलेले बारीक दाते एका ओळीत बसतात. कस केसाचा: एक केस चिमटीत धरून धारेवर हलकेच सोडायचा. तुटून पडला तर वस्तरा तयार. आमचा चौथ्या दिवशी तयार झाला. काकांनी मनगटावरचे केस उतरवून बघितले, मग म्हणाले, "चल, माझी दाढी कर." ऐंशी वर्षांच्या सैल गालावर वस्तरा चालवायचा म्हणजे एका हाताने कातडी ताणायची आणि दुसऱ्या हाताने श्वास रोखायचा. एकही ओरखडा आला नाही. तुरटी फिरवली, काकांनी गालावरून हात फिरवला आणि काही न बोलता पडून राहिले.

ही धार कुणाच्या गालाला लागली ते सांगितलं, तसं कुणाच्या गालाला लागली नाही तेही सांगायला हवं. गावचा न्हावी महारवाड्यात जात नसे आणि तिथल्या माणसाला पुढ्यात बसवत नसे. आमचं घर याला अपवाद नव्हतं. स्वतः पायरीवर बसून भात घेणारा माणूस खालच्या पायरीवरच्याला शिवत नव्हता. १९५० मध्ये राज्यघटनेने अस्पृश्यता संपवली आणि १९५५ च्या कायद्याने जातीवरून अशी सेवा नाकारणं गुन्हा ठरवलं. गावात प्रत्यक्ष फरक पडला तो मात्र लोक शहाड-अंबरनाथच्या कारखान्यांत जाऊन रोख मजुरी आणू लागले आणि सलूनच्या खुर्चीत पैसे टाकून बसू लागले तेव्हा. खुर्ची जात विचारत नव्हती, असं वडील म्हणत. पुढे म्हणत, "विचारायची, पण हळू आवाजात."

आजोबांच्या तोंडी अभिमानाने येणारं नाव एकच होतं, भाई कोतवाल. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, १९१२ मध्ये माथेरानला नाभिक कुटुंबात जन्मले, वकील झाले. कर्जत-मुरबाडच्या आदिवासी-शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या, सावकाराच्या दारी जायला लागू नये म्हणून धान्यकोठ्या काढल्या. १९४२ च्या आंदोलनात आझाद दस्ता उभारून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे आमच्याच मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. बातमी आली त्या दिवशी आजोबांनी धोकटी उघडली नाही. एका घरचं माणूस तासत राहिलं दाढीसाठी, तर म्हणाले, "आज आमच्यातला गेलाय." 'आमच्यातला' हा शब्द त्यांनी मान वर करून उच्चारला, असं आजी सांगे. जिवा महालाचं नाव आम्ही पुस्तकात वाचलं. कोतवाल मात्र आजोबांच्या काळातले, चार कोसांवर पडलेले.

वस्तऱ्याला खरं मारलं ते एका पत्र्याच्या तुकड्याने. अमेरिकेत किंग जिलेटने १९०३ मध्ये वापरून फेकायचं पातं विकायला काढलं. पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ पाती खपली, म्हणजे जवळपास काहीच नाही. पुढे ती जगभर गेली. आपल्याकडे सेव्हन ओ'क्लॉक, टोपाझ घराघरांत आली आणि डोंबिवलीचा चाकरमानी सकाळची लोकल धरण्याआधी स्वतःच दाढी करू लागला. तरी सलूनमध्ये वस्तरा तग धरून होता. वडिलांनी डोंबिवलीत दुकान टाकलं तेव्हा त्यांच्या आरशाखाली चामड्याचा पट्टा लटकत असे. १९८६ मध्ये भारतात एड्सचे पहिले रुग्ण सापडले, आणि पुढच्या काही वर्षांत प्रत्येक गिऱ्हाईक विचारू लागलं, "नवीन ब्लेड टाकलं ना?" अर्धं ब्लेड मोडून बसवायचा वस्तरा आला. विचारणं बरोबरच होतं. एकच धार दहा गालांवरून फिरवणं धोक्याचं आहे आणि दगडावर लावलेला वस्तरा आज दुकानात चालवू नये, हे मीही सांगेन. पण पट्टा काढला त्या दिवशी वडिलांच्या हातातली निम्मी विद्या बिनकामाची झाली. ते तक्रार करणारे नव्हते. वस्तऱ्याला तेल लावलं, फडक्यात गुंडाळला आणि वर ठेवला.

आता पुतण्याचं कल्याणला सलून आहे; एसी, फिरत्या खुर्च्या, बाहेर झगमगती पाटी. त्याला हा वस्तरा काचेच्या चौकटीत लावायचा होता, शोभेला. काका त्याला म्हणाले, "लाव. पण धार राखून लाव. मेलेला वस्तरा भिंतीवर टांगून काय दाखवणार?" थोरले बंधू तो बघायला दुकानात आले. बराच वेळ उभे राहिले. शेवटी मुलाला एवढंच म्हणाले, "याच्याखाली आपल्या गावाचं नाव लिही."

गावाचं नाव लिहिलंय. चौकटीला मागून एक फळी आहे, ती उघडते. सोमवारी सलून बंद असतं. त्या दिवशी पुतण्या वस्तरा बाहेर काढतो, पट्टा दाराच्या कडीला अडकवतो आणि चाळीस वेळा फिरवून, तेलाचं बोट लावून परत ठेवतो. त्याच्या हाताचाही भार टाचेवरच पडतो.